मोटारीच्या गंजक्या सायलेन्सरची घरगुती डागडुजी

गाडी एकाएकीं फटफटूं लागली, कीं सायलेन्सर फुटला असें समजावें. इंजिनाच्या धुरांत पाण्याची वाफ असते. जवळच्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाहीं, पाणी सांचतें व पत्रा आंतून गंजतो. म्हणून भोंक लहान दिसलें तरी आम्ही त्यावर विसंबत नाहीं.

नळी निवाल्यावर, चाकांस उटी लावून व गाडी भक्कम ठोकळ्यांवर टेकवून, पेचकसानें पत्रा टोंचून पाहावा. आंत शिरल्यास नळीच बदलावी. टणक लागल्यास गंज तारेच्या ब्रशानें खरवडावा, उष्णतेस टिकणारी लांबी भरावी, वर लोखंडी पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळावे. मग उघड्यावर इंजिन मंद चालवून लांबी कडक करावी.

दार लावलेल्या छपरींत हें कदापि करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग ना वास. गळक्या नळींतून तो गाडींत शिरल्यास बसलेल्यांचे प्राण जातात. आवाज सोसवेल; हा वायु सोसवणार नाहीं.