स्तूपाच्या आत जायचं नसतं

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन नावाचं गाव आहे. शेगावपासून ते फार लांब नाही, पण शेगावला येणाऱ्या लाखो माणसांपैकी तिकडे वळणारा विरळाच. या गावाच्या शिवारात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केलं. जुन्या वस्तीचे थर मिळाले, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी मिळाल्या आणि विटांचा एक स्तूप मिळाला. उत्खनन करणाऱ्यांनी त्याचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचा ठरवला. कोरीव दगड नाही, मूर्ती नाही, त्यामुळे तो बघताना आपले बरेच समज आड येतात.

‘विदर्भातला बौद्ध धम्म १९५६ पासूनचा.’

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात झालेला धम्मदीक्षेचा सोहळा मोठाच होता, पण त्याआधीची पाटी कोरी नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी खोदकाम केलं, तेव्हा सांचीच्या तोडीचा विटांचा स्तूप उघडा पडला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. भोन त्याच माळेतलं. वऱ्हाडात बौद्ध म्हटलं की घाट ओलांडून अजिंठ्याकडे बोट दाखवायची सवय आहे. पण लेणी डोंगरात होतात, आणि पूर्णेच्या खोऱ्यात डोंगर नाही. इथे नदीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. चांगला दगड हवा तर सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या रांगांकडे जावं लागतं. गाळाची माती मात्र हवी तेवढी. म्हणून भोनला वीट. ही गरिबी नव्हे. खुद्द सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पोटातही आधीचा विटांचा स्तूप आहे. दगडाचं आवरण त्यावर शंभरएक वर्षांनी चढलं.

‘स्तूप म्हणजे बौद्धांचं देऊळ, आत मूर्ती असणार.’

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज, आणि त्याला थोडी दीक्षाभूमीही कारण आहे. १८ डिसेंबर २००१ रोजी खुला झालेला नागपूरचा स्तूप आतून पोकळ आहे, हजारो माणसं आत उभी राहू शकतात. वास्तुविशारद शिवदान मल यांनी सांचीचा आकार घेतला आणि आत सभागृह केलं. आजच्या गरजेला ते अगदी योग्य. प्राचीन स्तूप मात्र भरीव असतो. त्याला दार नसतं, गाभारा नसतो. लोक त्याच्या भोवती, त्याला उजव्या हाताला ठेवून फिरत. सगळी वास्तू या फिरण्यासाठीच रचलेली असते: खाली गोल चौथरा म्हणजे मेधी, त्यावर घुमट म्हणजे अंड, माथ्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका, तिच्यातून वर गेलेली यष्टी आणि यष्टीवर छत्र. भोवती प्रदक्षिणापथ आणि त्याला वेदिका, म्हणजे कठडा. सांचीची दगडी वेदिका नीट बघा. खांबाला खाचा पाडून त्यात आडव्या सूची बसवल्या आहेत. ही सुतारकामाची रीत आहे, दगडाला तिची गरज नव्हती. म्हणजे आधी हे कठडे लाकडी असत आणि पाथरवटाने सुताराची नक्कल केली. म्हणून एखाद्या विटांच्या स्तूपाभोवती दगडी कठडा सापडला नाही, तर तिथे कठडाच नव्हता असं म्हणायची घाई करू नये. लाकूड कुजून जातं.

देऊळ म्हणता येईल अशी वास्तू बौद्धांकडे होती, पण ती वेगळी. तिला चैत्यगृह म्हणतात; मागची बाजू अर्धगोल आणि तिथे पूजेला छोटा स्तूप. अजिंठ्याची ९ आणि १० क्रमांकाची लेणी अशीच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर विटांचं असं चैत्यगृह आजही उभं आहे; ते आता त्रिविक्रमाचं मंदिर आहे.

‘भरीव म्हणजे आत विटाच विटा.’

नेहमी नाही. तेरच्या आणि आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याच्या काही स्तूपांचा पाया चाकासारखा आहे. मधे तुंबा, त्यातून निघालेल्या विटांच्या आऱ्या, बाहेर धाव, आणि मधल्या जागेत माती. याला लगेच धम्मचक्र म्हणायचा मोह होतो. गवंड्याच्या बाजूने पाहिलं तर अशा आऱ्यांमुळे विटा वाचतात आणि आतली भर बाहेर रेटत नाही. मला वाटतं, दोन्ही कारणं एकत्र नांदली असतील. चक्र म्हटलं की २४ आऱ्या हाही असाच एक समज. सारनाथच्या स्तंभशीर्षात सिंहांच्या पायाखालच्या चक्रांना २४ आऱ्या आहेत, पण त्याच सिंहांच्या डोक्यावर पूर्वी असलेल्या मोठ्या चक्राला ३२ होत्या.

‘प्रत्येक स्तूपात बुद्धाच्या अस्थी असतात.’

अस्थी किंवा रक्षा ठेवलेले ते शारीरिक स्तूप. वापरातल्या वस्तूंवर बांधलेले पारिभोगिक, आणि निव्वळ स्मरणासाठी किंवा घटना घडलेल्या जागी उभारलेले उद्देशिक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा मधोमध एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते इतक्या मानाने जपलेले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ छोट्या धातुमूर्ती होत्या, आणि त्या स्तूपापेक्षा कितीतरी शतकं अलीकडच्या आहेत. म्हणजे मधे कधीतरी कोणी तो श्रद्धेने उघडून पुन्हा बंद केला होता. आत सोनं आहे या आशेने टेकाडं उकरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की सोपाऱ्यात सोन्याचं आवरण होतं आणि मान खापरांचा होता.

‘मूर्ती नाही म्हणजे बौद्ध नाही.’

उलट, जितकं जुनं तितकी मूर्ती नसण्याचीच शक्यता जास्त. सुरुवातीच्या शिल्पांत बुद्ध दाखवायचा तर बोधिवृक्ष, पाऊलखुणा, चक्र किंवा रिकामं आसन दाखवत. पवनीच्या एका दगडावर फणा काढलेला नाग आहे. गावात तो कोणी नागोबा म्हणून पुजला तर नवल नाही. पण तो मुचलिंद नागराज आहे, आणि त्याच्याजवळचं आसन मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे. स्तूपाच्या भागांचे आज सांगितले जाणारे ठाशीव अर्थ, पंचमहाभूतं वगैरे, हे बरेचसे नंतरच्या परंपरांचे आहेत. छत्राचा अर्थ तेवढा कुणालाही कळण्यासारखा: छत्र राजाच्या डोक्यावर धरतात, आणि इथे ते बुद्धावर धरलं आहे.

‘मौर्यकाळचा आहे ना, मग अशोकानेच बांधला.’

चौऱ्याऐंशी हजार स्तूपांची गोष्ट बौद्ध ग्रंथांतली आहे, ती मोजदाद नव्हे. काळ जुळला म्हणून बांधणारा ठरत नाही. त्याला लेख लागतो. पवनीसारख्या ठिकाणी तर सामान्य उपासकांच्या देणग्या दगडावर दिसतात. तो मान राजाच्या मानापेक्षा कमी का समजायचा?

राहिला पाण्याचा प्रश्न. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोनची ही जागा येते. ‘धरण हवं की स्तूप’ असा वाद घालणाऱ्यांना तिसरी वाट नाहीच असं वाटतं. नागार्जुनसागर धरण बांधायच्या आधी, १९५४ ते १९६०च्या दरम्यान, नागार्जुनकोंड्याचं खोरं उत्खनन करून काढलं गेलं आणि निवडक वास्तू उचलून टेकडीवर आणि अनुपू इथे पुन्हा उभारल्या. ते काम देशाने एकदा करून दाखवलं आहे. भोनची वीट ठिसूळ आहे, काम अवघड आहे हे मान्य, पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

आणि शेवटचं, शेतकऱ्यांसाठी. गावालगतच्या पांढरीची माती शेतात टाकायची आपली जुनी रीत आहे. त्या मातीत आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीच्या विटा, खापरं किंवा नाणी लागली तर काम थांबवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तोवर तिथे जेसीबी लावू नका.