पाय मोजा, मिशाही पाहा

बराकपूरच्या बाजारात कोळंबीला ‘चिंगडी माछ’ म्हणतात. ‘माछ’ म्हणजे मासा. आपल्याकडेही कोळंबी मासळी बाजारातच मिळते. पण कोळंबी मासा नाही. माशाला पाठीचा कणा असतो. कोळंबीच्या अंगात एकही हाड नसते. नाते लावायचेच तर ती माशापेक्षा झुरळाला जवळची! (हे जेवताना आईसमोर बोलू नये.)

बाबांची नेमणूक बराकपूरला असल्याने माझी सुट्टी हुगळीकाठी जाते. नदी, तळी आणि दमट हवा यांमुळे तिथे संधिपाद प्राणी पावलोपावली दिसतात. संधिपाद म्हणजे ज्यांच्या पायांना सांधे आहेत असे प्राणी. त्यांचे शरीर खंडांचे बनलेले असते आणि अंगावर कायटिनचे कवच, म्हणजे बाह्यकंकाल असतो. हे कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून त्यांना कात टाकावी लागते. नवे कवच कडक होईपर्यंत प्राणी मऊ असतो आणि लपून राहतो. जगातील ज्ञात प्राणिजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक जाती याच संघातल्या आहेत.

त्यांचे मुख्य गट चार :

१. कीटक : डास, मुंगी, झुरळ. शरीराचे तीन भाग, सहा पाय, मिशांची एक जोडी.
२. अष्टपाद : कोळी, विंचू, गोचीड. आठ पाय, मिशा नाहीत.
३. कवचधारी : कोळंबी, खेकडा. मिशांच्या दोन जोड्या. बहुतेक पाण्यात राहतात व कल्ल्यांनी श्वास घेतात.
४. बहुपाद : गोम आणि वाणी. गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, वाणीच्या बहुतेक खंडांना दोन.

हे केवळ परीक्षेसाठी नाही. बराकपूरहून जवळच असलेल्या कोलकात्यात १८९८ साली रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांनी पक्ष्यांमधला मलेरिया डासांमार्फत पसरतो हे सिद्ध केले. त्याआधी १८९७ मध्ये सिकंदराबादला त्यांना ॲनोफिलिस डासाच्या पोटात माणसाच्या मलेरियाचे परजीवी सापडले होते. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शत्रू नेमका कोण हे कळल्यावरच लढाईची जागा ठरली. डासाची अळी पाण्यात वाढते, म्हणून साचलेले पाणी काढायचे.

गोचिडीवर मात्र हा उपाय चालत नाही. तिची अळी पाण्यात वाढत नाही. ती गवतात, पाचोळ्यात दबा धरून असते. सिंधुदुर्गात माकडताप पसरतो तो गोचिडीमुळे. तिथे पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे आणि रानातून आल्यावर अंग तपासणे हाच बचाव.

यात एक फसगत आहे. गोचिडीच्या पिल्लाला सहाच पाय असतात. आठ पाय नंतर येतात. नुसते पाय मोजले तर ते कीटक वाटेल. म्हणून मिशाही पाहायच्या. मिशा नसतील तर तो अष्टपाद.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर अनेक सैनिकांना स्क्रब टायफस झाला. तो पसरवणारे माइटचे पिल्लूही असेच सहा पायांचे आणि जेमतेम दिसेल एवढे असते. कॅम्पहून आल्यावर ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना लगेच सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.