पुस्तक आहे, पण सापडत नाही!

गिरगावकराला ग्रंथालय म्हटलं की दोन नावं आठवतात. एक 1898 सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि दुसरी राजाबाई टॉवरची विद्यापीठाची लायब्ररी. प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला, मनोऱ्याला आईचं नाव लागलं आणि 1878 साली तो पुरा झाला. आमच्या खोताच्या वाडीतून चर्नी रोड, तिथून चर्चगेट, पुढे पायी. अडचण काय ती अंतराची. आता म्हणे अंतरच उरलं नाही!

‘म्हणे’ अशासाठी, की माझी भाची जुन्या गिरगावावर पीएच.डी. करते आहे. परवा आमच्या ओट्यावर बसून तिनं एका विद्यापीठाच्या संगणकीय सूचीत माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ शोधलं. उत्तर : शून्य नोंदी. पुस्तक तिथे होतं. पण 1863 सालच्या त्या ग्रंथाचं नाव ‘मुंबईचें वर्णन’. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. माणूस ते टिंब नजरेआड करतो, यंत्र करत नाही. मग तिनं ‘खोताची वाडी’ रोमन लिपीत टाकून पाहिलं. तिथे नवाच प्रश्न. ‘‘मामा, वाडी डब्ल्यूनं की व्हीनं?’’ आमच्या घरातल्या कागदांवर दोन्ही सापडतात, मी काय सांगणार?

दोष यंत्राचा नाही. पूर्वी मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या फाँटमध्ये टाइप होई. फाँट बदलला की अक्षरांचा चिवडा. युनिकोडनं ती कटकट संपवली, पण जुन्या नोंदी तशाच राहिल्या. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच. यंत्रानं अक्षरं ओळखली नाहीत, तर ते पान म्हणजे नुसता फोटो.

मोठी कामं झाली नाहीत असं नाही. 2009 च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना त्यामुळे खुली झाली. उत्तमच! मात्र ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकं. गिरगावातल्या छापखान्यांतून निघालेलं मराठी साहित्य त्यात कुठून येणार? ते आपल्याच कपाटांत आहे आणि त्याची नोंद आपल्यालाच करायची आहे.

त्यासाठी फार मोठं यंत्र नको. प्रत्येक पुस्तकाची नोंद देवनागरी आणि रोमन दोन्हींत हवी, नावाची जुनी-नवी रूपं जोडलेली हवीत आणि मुख्य म्हणजे मराठी जाणणारा ग्रंथपाल हवा. इमारतीवर खर्च झाला की फीत कापता येते. सूची दुरुस्त केल्याचा समारंभ कोण करणार?

भाचीनं शेवटी फोन केला. पलीकडच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘‘अनुस्वार देऊन बघा.’’ पुस्तक सापडलं. ‘सूचीत दोन्ही रूपं घाला’ असा अर्ज तिनं त्याच संध्याकाळी पाठवला.