धोतरा, भांग आणि भीतीचे शरीर

धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या की अर्ध्या ते एका तासात तोंडाला कोरड पडते. घोट गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, अंग तापते पण घाम येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेडातही आकसत नाहीत आणि जवळचे अक्षर दिसेनासे होते. नाडी मिनिटाला १२०-१४० ठोक्यांवर जाते, लघवी तुंबते, आतडी थंडावतात. मग बडबड सुरू होते. माणूस जागा असतो, पण समोर नसलेल्यांशी बोलतो, अंगावर नसलेले किडे झटकतो, बोटांच्या टोकांतून न दिसणारे धागे ओढत राहतो. एक-दोन दिवसांनी भानावर आल्यावर त्याला यातले फारसे काही आठवत नाही.

हे झुडूप दुर्मीळ नाही. बदलापूरच्या सोनिवलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत पडीक जमीन आणि उकिरडा जिथे आहे, तिथे ते आपोआप उगवते. महाशिवरात्रीला त्याची फुले आणि काटेरी बोंडे शंकराला वाहतात. त्या दिवशी अंबरनाथला, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या शिलाहारकालीन शिवमंदिरापाशी, मोठी जत्रा भरते. शंकराच्या नावाशी जोडलेली दुसरी वनस्पती म्हणजे भांग. लोकांच्या तोंडी दोन्हींची नावे जोडीने येतात, पण शरीरात गेल्यावर त्यांचे काम अगदी वेगळे असते.

मन आणि मूत्राशय एकाच विषाने का बिघडावेत? कारण दोन्हीकडे निरोप पोचवणारे रसायन एकच आहे. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की चेतातंतू हृदयाची गती एका रसायनाच्या मदतीने कमी करतो. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे पुढे स्पष्ट झाले. लाळ सुटणे, घाम येणे, बाहुली आकसणे, आतडी हलणे, लघवी होणे ही सारी कामे त्याच्यावर चालतात. मेंदूत लक्ष एकवटणे आणि नवी आठवण साठवणे हीही त्याचीच कामे. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये त्याच्या जागा अडवून बसतात. निरोप निघतो, पण पोचत नाही. मग शरीर कोरडे पडते आणि मेंदू जागा राहूनही भरकटतो. जागेपण आणि भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोतऱ्याइतके स्वच्छ क्वचितच दुसरे काही दाखवते. त्या अवस्थेतली भीतीही वेगळी. दिसते ते खोटे आहे अशी शंकाच रोग्याला येत नाही, त्यामुळे तो पळतो, झटापट करतो, पडतो.

आठवण पुसण्याचा हा गुण चोरांना फार पूर्वीच कळला होता. प्रवासात ओळख काढायची, खाण्यातून धोतरा द्यायचा आणि गाठोडे घेऊन पसार व्हायचे, ही जुनी रीत. म्हणून न्यायवैद्यकाच्या भारतीय पुस्तकांत धोतऱ्याला ‘वाटेवरचे विष’ म्हणून जागा आहे आणि त्याच्या बिया मिरचीच्या बियांपासून ओळखायच्या कशा, हेही तिथे तपशिलात सांगितलेले असते.

धोतऱ्याच्या बाधेच्या नेमके उलटे चित्र २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना कीटकनाशकांची बाधा झाली, काहींचे प्राणही गेले. यांतली सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे अ‍ॅसिटिलकोलीन मोडू देत नाहीत. ते साठत जाते. मग लाळ गळते, डोळे वाहतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो. त्यावर उतारा म्हणून टोचतात ते अ‍ॅट्रोपीन, म्हणजे धोतऱ्यातलेच द्रव्य. ते थोडे जास्त झाले की वाचलेला रोगी धोतऱ्याच्या रोग्यासारखा बरळू लागतो, म्हणून डॉक्टर छाती कोरडी झाली का आणि नाडी किती आहे, हे पाहत मात्रा ठरवतात.

भांग अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागा अडवत नाही. तिच्यातले टीएचसी हे द्रव्य मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या ग्राहींना जाऊन चिकटते. ते भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालात भरपूर आहेत, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात फार कमी. म्हणून अफूच्या जास्त मात्रेने श्वास थांबतो, तसा भांगेने सहसा थांबत नाही. डोळे लाल होतात, छाती धडधडते, भूक लागते, वेळ लांबल्यासारखा वाटतो. भीतीचे गणित मात्र मात्रेवर फिरते. थोडी भांग माणसाला सैल करते. जास्त झाली तर तीच धडधड त्याला मरणाची चाहूल वाटते. खाऊन-पिऊन घेतलेली भांग चढायला एक-दोन तास लागतात आणि ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो. जत्रेच्या दिवशीचे बरेच घोटाळे इथेच होतात. गांजा-चरसावर बंदी घालणाऱ्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याने नुसत्या पानांना आपल्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, एवढ्यावरून ती निरुपद्रवी समजण्याचे कारण नाही.

पोलिसांच्या बातम्यांत ‘एमडी’ म्हणून येणारे मेफेड्रोन हे तिसऱ्या जातीचे. २०१५ मध्ये ते त्या कायद्याच्या यादीत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत जाऊन त्याचा प्रचंड साठा पकडला. मेफेड्रोनमुळे नॉरअ‍ॅड्रेनलीन, डोपामीन आणि सिरोटोनिन यांचा लोंढा सुटतो. झोप उडते, रक्तदाब चढतो, दात करकरतात. पुढे संशय आणि भीती येते. बाहुल्या इथेही मोठ्या, नाडी इथेही वेगवान, अंग इथेही तापलेले. तातडीच्या विभागातला डॉक्टर अशा वेळी काखेला हात लावतो. घाम असेल तर संशय एमडीसारख्या उत्तेजकावर जातो; काख कोरडी असेल, पोटात आतड्यांचा आवाज नसेल, तर धोतऱ्यावर.

अशा द्रव्यांचे कामेच्छेवरचे परिणाम आपल्याकडे दबक्या आवाजात विचारले जातात. उत्तेजके इच्छा वाढवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे मन तयार असते, शरीर नसते. दारूचा अनुभव वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. नैराश्यावरच्या सिरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी अनेकांची इच्छा मंदावते. डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करण्याचे हे एक मोठे कारण, आणि मात्रा किंवा औषध बदलून त्यावर बहुधा तोड निघते.

भीती कमी करणारी औषधे दोन बाजूंनी काम करतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूतच गाबा या शामक रसायनाचा जोर वाढवतात. पण सवय लागते, आणि एकदम सोडल्या तर भीती दुपटीने परतते, क्वचित झटकेही येतात. प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे औषध मुख्यतः शरीर शांत करते: धडधड आणि हाताची थरथर थांबली की व्यासपीठावरच्या माणसाची भीतीही बरीच उतरते.

शरीराच्या बाजूने केलेल्या उपचाराचे सर्वांत ठळक उदाहरण कोकणातले आहे. लाल विंचवाचे विष नॉरअ‍ॅड्रेनलीनचा पूर आणते: हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यावर अशा गंभीर रोग्यांतले सुमारे ३० टक्के मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. नॉरअ‍ॅड्रेनलीनला अडवणारे हेच औषध पुढे युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या भयस्वप्नांवर वापरले गेले. सुरुवातीच्या लहान चाचण्यांत स्वप्ने कमी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०४ अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरीही काही मनोविकारतज्ज्ञ निवडक रोग्यांना झोपण्यापूर्वी ते देतात, आणि पहिल्याच मात्रेने रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते म्हणून सुरुवात अगदी थोड्यापासून करतात.