क्ष-किरण तंत्रज्ञ आणि दूरशिक्षण



पिरनवाडीचा रुग्ण छातीचा फोटो काढण्यासाठी बेळगावला जातो, तेव्हा डॉक्टरांचे नाव त्याला ठाऊक असते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाचे नसते. निदानाचा आधार मात्र त्याच तंत्रज्ञाच्या हाती असतो. त्याच्या शिक्षणाविषयी आज मी बोलणार आहे.

राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर दीर्घकाळ फिल्म वापरात होती. किरणांची मात्रा अधिक झाली की फिल्म काळी पडे आणि चूक लगेच उघड होई. संगणकीय प्रतिमेत तसे घडत नाही. जादा मात्रेतही चित्र सुरेखच दिसते आणि रुग्णाच्या शरीरात गेलेले अनावश्यक किरण कोणाच्याच लक्षात येत नाहीत. म्हणजे यंत्र सुधारले, तसे तंत्रज्ञाचे ज्ञानही वाढायला हवे. परंतु लहान रुग्णालयातला एकुलता तंत्रज्ञ वर्षभर रजा घेऊन शिकायला जाणार कसा?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या प्रश्नाला १९९०च्या दशकात एक उत्तर दिले. आशिया व पॅसिफिक विभागातील अणुवैद्यक तंत्रज्ञांसाठी तिने दूरशिक्षणाचा उपक्रम आखला. नोकरीत राहून पाठ अभ्यासायचे, आपल्याच विभागात प्रात्यक्षिके करायची आणि अनुभवी मार्गदर्शकाने ती तपासायची, अशी ती पद्धत. पुस्तक दुरून येते, पण हात जवळच घडतो, हे तिचे मर्म होय.

आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले, आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालविण्यास मनाई केली. मला हे योग्यच वाटते. रुग्णाला कसे निजवावे, घाबरलेल्या मुलाला कसे स्थिर ठेवावे, हे टपालाने वा पडद्यावरून शिकता येत नाही. मात्र पहिली पात्रता मिळविणे वेगळे आणि मिळविलेली पात्रता ताजी ठेवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी दूरशिक्षणाइतका सोयीचा मार्ग मला दिसत नाही.

बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; मार्गदर्शक दूर नाहीत. अडचण भाषेचीही आहे. यंत्राची पुस्तके इंग्रजीत असतात आणि आपला तंत्रज्ञ विचार करतो मराठीत किंवा कन्नडमध्ये. या शाळेतून शिकून वैद्यकीय क्षेत्रात गेलेल्यांनी असे पाठ दोन्ही भाषांत सिद्ध करण्यास हातभार लावावा, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांना ती गुरुदक्षिणा ठरेल.