प्रोसेसरचा आकडा म्हणजे नेटवर्कवरचा भार नव्हे

राउटरचा किंवा स्विचचा प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्के वापरात दिसला की त्यातून जाणारी वाहतूक तेवढी वाढली, आणि तो दहा टक्क्यांवर दिसला की जाळे मोकळे आहे, असा समज नेटवर्क सांभाळणाऱ्यांतही घट्ट रुजलेला आहे. पायथनच्या एखाद्या लायब्ररीवर छोटी स्क्रिप्ट लिहून हा आकडा दर मिनिटाला काढता येऊ लागल्यापासून तर तो अधिकच बळावला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि तो वारंवार खोडूनही पुन्हा पुढे येतो, म्हणून त्याची फोड सविस्तर करणे भाग आहे.

मोठ्या राउटरांत आणि बहुतेक स्विचांत दोन कामे वेगळी ठेवलेली असतात. कोणत्या पत्त्याकडे कोणत्या मार्गाने जायचे हे ठरवणे, त्याविषयी शेजारच्या उपकरणांशी संदेशांची देवाणघेवाण करणे आणि व्यवस्थापकाच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे प्रोसेसर करतो. प्रत्यक्ष पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, एका पोर्टातून दुसऱ्या पोर्टाकडे पोचवण्याचे काम त्यासाठीच घडवलेली स्वतंत्र चिप करते, आणि त्यांतील बहुतेक पॅकेटांचा प्रोसेसरशी संबंधही येत नाही. त्यामुळे सगळे पोर्ट भरून वाहत असताना प्रोसेसर निवांत असू शकतो. उलट, एखादी जोडणी सारखी तुटत-जुळत राहून मार्गांचे गणित पुन्हा पुन्हा करावे लागले, तर वाहतूक नगण्य असूनही प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकतो.

लहान राउटर याला अपवाद आहेत, कारण त्यांत पॅकेट पुढे पाठवण्याचे कामही प्रोसेसरलाच करावे लागते. पण तेथेही एकच आकडा पुरत नाही. सिस्कोच्या राउटरवर ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ ही आज्ञा पाच सेकंदांचा वापर ‘१२%/३%’ अशा जोडीने दाखवते, त्यांतील पहिला आकडा एकूण वापराचा आणि दुसरा इंटरप्टचा, म्हणजे मुख्यतः पॅकेट हाताळण्यात गेलेल्या वेळेचा असतो, आणि स्क्रिप्टने नेमका हा दुसरा आकडा टाकून दिला तर वाहतुकीविषयी काहीच कळत नाही. चार गाभ्यांच्या प्रोसेसरची सरासरी पंचवीस टक्के दिसली, तरी एक गाभा पूर्ण गुंतलेला आणि उरलेले तीन रिकामे, अशीही स्थिती असू शकते.

शिवाय लायब्ररी स्वतः काहीही मोजत नाही. उपकरणाने जे मोजून ठेवले ते ती विचारून आणते. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलसाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २७९० या मानकात प्रोसेसरच्या भाराची व्याख्या मागच्या एका मिनिटाची सरासरी अशी दिली आहे, म्हणजे पाच सेकंदांची उसळी तीत विरून जाते. याउलट नेटमिकोसारखी लायब्ररी एसएसएचने उपकरणात प्रवेश करून आज्ञा चालवते, तेव्हा त्या प्रवेशाच्या सांकेतिक गणिताचा भारही प्रोसेसरवरच पडतो आणि पाच सेकंदांच्या आकड्यात स्क्रिप्टचीच सावली दिसते.

वाहतुकीचा खरा भार पोर्टांवरच्या मोजकांत असतो, आणि ते ६४ बिटांचेच वाचले पाहिजेत. ३२ बिटांचा मोजक एक गिगाबिटच्या भरलेल्या पोर्टावर सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर परततो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी त्याचे वाचन करणारी स्क्रिप्ट निरर्थक संख्या नोंदवत राहते.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी या गैरसमजाने विशेष हानी होते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ मध्ये भारतनेट असे नाव मिळालेल्या, गावांना इंटरनेट पुरवणाऱ्या योजनेच्या पहिल्या टप्प्याच्या रचनेत तालुका पातळीवरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ओएलटी हे मुख्य यंत्र, ग्रामपंचायतीत ओएनटी हे टोकाचे यंत्र, आणि वाटेत प्रकाश विभागणारे स्प्लिटर असतात. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यात प्रोसेसर नाही आणि स्मृतीही नाही, म्हणून कोणतीही स्क्रिप्ट त्याला काही विचारू शकत नाही. गावातले इंटरनेट फायबर तुटल्याने किंवा वीज गेल्याने बंद पडते, तेव्हा ओएलटीचा प्रोसेसर पूर्वीइतकाच शांत असतो. वीज गेल्यास ओएनटी बंद पडता पडता अखेरचा संदेश पाठवते, जो ‘डाइंग गॅस्प’ या नावाने ओळखला जातो. फायबर तुटल्यास तो संदेश येत नाही, केवळ प्रकाश नाहीसा होतो. खोदकामाच्या जागी माणूस पाठवायचा की महावितरणकडे चौकशी करायची, हे या फरकावरून ठरते, आणि तरीही देखरेखीच्या स्क्रिप्टांत प्रकाशाच्या पातळीऐवजी प्रोसेसरची टक्केवारी भरलेली असावी, हे खेदाचे आहे.

स्मृती भरलेली दिसली की उपकरण रोज रात्री बंद-चालू करावे, हाही एक समज आहे. वस्तुतः लिनक्सवर चालणारी उपकरणे रिकामी स्मृती तात्पुरत्या साठ्यासाठी वापरतात आणि गरज पडताच ती मोकळी करतात, त्यामुळे चिंता करायची ती आठवड्यागणिक न थांबता वाढत जाणाऱ्या वापराची. स्मृतीच्या रकान्याचे नावही फसवू शकते: नेपाम या लायब्ररीच्या दस्तऐवजात ‘अव्हेलेबल रॅम’ हा रकाना बसवलेल्या एकूण स्मृतीचा म्हणून सांगितला आहे, शिल्लक स्मृतीचा नव्हे. एसएनएमपी मुळातच असुरक्षित आहे हा आणखी एक समज केवळ पहिल्या दोन आवृत्त्यांबाबत खरा आहे, कारण त्यांत परवलीचा शब्द उघड जातो. २००२ साली पूर्ण मानक ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची आणि संदेश सांकेतिक करण्याची सोय आहे, मात्र ती सुरू करावी लागते.