पॉइंट टू फाइव्ह

छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, आता जीव जाणार असं वाटू लागतं. अशा माणसाला अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी साधारण तासाभरात सावरते. मेंदूतलं ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींची धावपळ आवरतं आणि ही गोळी त्याचाच जोर वाढवते. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम आलं. त्याच कुळातल्या अल्प्राझोलामला १९८१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांचा डोस थोडा चुकला तरी श्वास बंद पडे. त्यामुळे हे औषधच वाईट, असं मी म्हणणार नाही.

घात होतो तो त्याच्या वेगामुळे. गोळी चटकन लागू पडते, तशी उतरतेही. साधारण अकरा तासांत रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग परतलेली बेचैनी मूळ आजाराची की औषध उतरल्याची, हे रुग्णाला कळत नाही आणि तो पुढची गोळी घेतो. काही आठवड्यांत शरीर तिच्यावर विसंबू लागतं. एकाएकी बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या साऱ्या गटाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा वाढवला तो या अवलंबित्वासाठीच. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, स्मरण मंदावतं. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडणं ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हे. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत तर श्वासच मंदावतो.

‘वर्षानुवर्षं तेवढीच घेतो, डोस वाढलेला नाही,’ असं अनेकजण सांगतात आणि ते खरंही असतं. पण डोस न वाढणं म्हणजे सवय न लागणं नव्हे. कदाचित आता ती गोळी फक्त स्वतःची ओढ शमवत असेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा? मात्र चिंतेवरची एसिटालोप्राम, सर्ट्रालिन ही दुसरी औषधं फॅमिली डॉक्टरही देऊ शकतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, तीही हळूहळूच सोडावी लागतात. पण अल्प्राझोलामसारखी ओढ लागत नाही. अल्प्राझोलाम शोभते ती हे मधले दिवस निभावण्यापुरती. विचारांवर काम करणारे उपचार मराठीला परके नाहीत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७६ जणांवरच्या अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण एसिटालोप्रामच्या तोडीचं ठरलं. सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक गावातूनही लागतो.

अल्प्राझोलाम आपल्याकडे ‘एच-१’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि मेडिकलवाल्याने तिची नोंद तीन वर्षं ठेवायची असते. त्याच चिठ्ठीवर ती कधी थांबवायची, हेही पहिल्या दिवशीच लिहिलेलं असावं. आणि ज्यांची वर्षं उलटली आहेत त्यांनी हे वाचून उद्या गोळी फेकून देऊ नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवत नेताना कित्येक महिनेही लागतात.